‘तो’मध्ये ‘ती’ येते का?

आमच्या टीकालेखांत ‘वाचक’ नावाचा एक गृहस्थ हमखास भेटतो. त्याला कथा आवडते, तो मध्येच कंटाळतो, प्रसंगी त्याचे डोळेही पाणावतात. पण हा गृहस्थच का असावा? दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणाच्या हाती पडतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तरी टीकाकाराची लेखणी ‘तो’ म्हणून मोकळी होते. विचारले तर उत्तर तयार : ‘अहो, ‘तो’मध्ये ‘ती’ आलीच!’

कायदाही असेच म्हणतो. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा, असे कलम आहे. कोर्टात ते ठीक. पण वाचणारीच्या मनात असे कलम कोणी छापून ठेवलेले नसते. सारखे ‘तो’ ‘तो’ ऐकणाऱ्या मुलीला वाटते, हे बोलणे शेजारच्या बाकाशी चालले आहे.

बरे, स्त्रीसाठी वेगळा शब्द घडवला म्हणजे भागले, असेही नाही. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, सोनारीण म्हणजे सोनाराची. ‘डॉक्टरीणबाई’ म्हटले की बाई स्वतः डॉक्टर की डॉक्टरांच्या घरच्या, हे पुन्हा विचारणे आले. नवऱ्याचा धंदा सांगणारा प्रत्यय बाईच्या स्वतःच्या विद्येला लावला, की विद्या उसनी वाटू लागते.

साहित्य संमेलनाचेच पाहा. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे यांच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत त्या खुर्चीवर पहिली स्त्री बसली ती १९६१ साली, ग्वाल्हेरला : कुसुमावती देशपांडे. पुढे दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर. यांना कोणी ‘अध्यक्ष’ म्हणतात, कोणी ‘अध्यक्षा’. खुर्ची एकच असेल तर तिचे नाव का बदलावे? १९६६ साली इंदिरा गांधी ‘पंतप्रधान’च झाल्या. स्त्रीत्व सांगायचे काम त्या ‘झाल्या’ने केले, पदाला काना जोडावा लागला नाही.

इंग्रजीत हा विचार अलीकडे जोरात आहे. क्रिकेटच्या नियमांतला ‘बॅट्समन’ २०२१ साली ‘बॅटर’ झाला. आमचा ‘फलंदाज’ आधीपासूनच दोघांना चालतो. तेव्हा इंग्रजीची नक्कल करून ‘करतो/करते’, ‘विद्यार्थी/विद्यार्थिनी’ अशा तिरप्या रेघांनी वाक्य लंगडे करण्याचे कारण नाही. मराठीच्या पेटीत हत्यारे आहेत. ‘वाचकाला वाटते, तो म्हणतो’ऐवजी ‘वाचकांना वाटेल, ते म्हणतील’ लिहा. ‘त्यांना’ आणि ‘म्हणतील’ दोघांचे आहेत. भविष्यकाळात तोही जाईल, तीही जाईल. रामाने पुस्तक वाचले, सीतेनेही वाचले. क्रियापद पुस्तकाकडे पाहते. ‘नवराबायको जत्रेला गेली’ म्हणताना तर भाषा नपुंसकलिंगी अनेकवचनाची चटई अंथरून दोघांना शेजारी बसवते.

शाळेत रजेच्या अर्जाचा नमुना देतात : ‘मी विनंती करतो की’. वर्गातल्या निम्म्या मुलींना तो खोडून ‘करते’ करावे लागते. ‘माझी विनंती आहे’ एवढे लिहिले तर खाडाखोड नको. ज्यांना ‘तो’ही जुळत नाही आणि ‘ती’ही नाही, आणि ज्यांची तृतीयपंथी म्हणून ओळख सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केली, त्यांनाही हा अर्ज जसाच्या तसा चालतो.

मात्र सरसकट लिंग पुसणे हाही अन्यायच. जात्यावरच्या ओव्या ‘लोकांनी’ रचल्या असे लिहिणारा टीकाकार निःपक्षपाती दिसतो. प्रत्यक्षात तो पहाटे उठून दळणाऱ्या बायकांचे श्रेय काढून घेतो. तिथे ‘बायकांनी’ हाच शब्द हवा. तेव्हा कसोटी एकच : इथे स्त्री की पुरुष हे सांगण्याचे काम आहे काय? असेल तर स्वच्छ सांगावे. नसेल तर वाक्य असे बांधावे की दारात कोणालाही थांबावे लागू नये.

व्याकरण बदलायला कोणी सांगत नाही. एवढे लक्ष फक्त लेखणी धरणाऱ्यांनी ठेवायचे आहे. मग ‘तो’मध्ये ‘ती’ येते की नाही, हा वादच उरणार नाही.