सिनेमातला सराव आणि मुरबाडची एसटी

महेश लिमये यांचा ‘यलो’ (२०१४) अजूनही कुणी ना कुणी सुचवत असतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळची ही गोष्ट, आणि मोठेपणीची गौरी पडद्यावर ती स्वतःच आहे. सिनेमाची खरी ताकद तीच. ती पाण्यात उतरते आणि आपण तिची कीव करायचं विसरतो. मराठीत हे सोपं नव्हतं. ‘चौकट राजा’मधला (१९९१) दिलीप प्रभावळकरांचा नंदू कितीही अप्रतिम असला, तरी तो आपल्याला रडवतो आणि रडून झालं की मोकळं सोडतो.

माझी तक्रार साच्याबद्दल आहे. क्रीडापटात सराव म्हणजे काही मिनिटांचा तुकडा: मागे गाणं, प्रशिक्षकाची शिट्टी, की आली स्पर्धा. उशिरा बसणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या मुलाच्या थेरपीत मात्र सराव हीच अख्खी गोष्ट असते. मान धरणं, चमचा पकडणं, ‘दे’ म्हणणं. तेच तेच, आठवड्यामागून आठवडे. तेही पहिल्या काही वर्षांत, मेंदू भराभर घडत असताना.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाडमध्ये गाडी अडते ती इथेच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची आणि विकासात मागे पडलेलं मूल जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवायचं, अशी रचना आहे. रचना चांगलीच आहे. पण जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे ठाणे शहर. डोळखांबहून आधी शहापूर, मग आसनगाव, मग लोकल. मुरबाडला तर रेल्वेच नाही. टोकावड्याहून मुरबाड, तिथून एसटीने कल्याण, मग पुढची गाडी. कडेवर मूल, आणि घरातल्या एकाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. एकदा जमेल. दर आठवड्याला?

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पथक येईल तेव्हा मूल गावात असेलच असं नाही. असलं, तरी शब्द मोजायचे कुठल्या भाषेतले? घरात कातकरी ऐकणारं मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला गप्प राहिलं, तर तो विलंब की बुजरेपणा? हे ओळखायला सवड असलेला माणूस लागतो.

आपल्या पटकथांना यातलं काही दिसत नाही, कारण त्यांना ‘स्वीकारा’चा प्रश्न प्रिय आहे. बाप मुलीला आपली म्हणेल का? ‘यलो’तही आईचा बराचसा झगडा त्याच्याशीच आहे. वाडीतला बाप कदाचित पोराला खांद्यावर बसवून म्हशाच्या यात्रेत फिरवतही असेल. त्याचं अडतं ते सोमवारी, ठाण्याला कोण नेणार इथे. हा प्रश्न संवादात टाळ्या घेत नाही, म्हणून लिहिला जात नाही, असा माझा संशय आहे.

मला असा सिनेमा बघायचाय ज्यात अंगणवाडी सेविका तिसऱ्यांदा तीच चिठ्ठी लिहून देते, कॅमेरा कट न घेता एसटीत चढतो, आणि शेवटी मूल काही जिंकत नाही. आधाराशिवाय बसतं, एवढंच. निर्माता मिळणार नाही, ते सोडा.