‘विनासायास’ या शब्दाबद्दल

आज आम्हाला एका शब्दाची चिकित्सा करायची आहे. शब्द आहे ‘विनासायास’. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या वजन कमी करण्याच्या योजनेच्या नावातच तो आहे. पौडपासून हिंजवडीपर्यंत आपल्या तालुक्यात कुणालाही विचारा, सूत्र पाठ असतं: दिवसातून दोनदाच जेवायचं, एकेक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची, हे दीक्षित स्वतःच सांगतात.

आधी श्रेय देऊ. या योजनेत विकायला काही नाही. पावडर नाही, पाकीट नाही. दिवसभर चरत राहण्याची आपली सवय तिनं लोकांच्या ध्यानात आणून दिली, तीही साध्या मराठीत. हे काम लहान नाही. आमची हरकत आहे ती ‘वजन’ आणि ‘विनासायास’ या दोन शब्दांना.

‘वजन’ आधी घेऊ. काटा जो आकडा दाखवतो, त्यात हाडं, पाणी, स्नायू, चरबी असं सगळं एकत्र असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांमधली नवजात बाळंही अभ्यासली. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं हलकी होती, पण त्यांच्यात कमतरता दिसली ती जास्त करून स्नायूंची. चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे आपल्याकडे अंगानं बारीक दिसणारा माणूसही आतून चरबीवाला असू शकतो. अशा माणसाला नुसतं ‘वजन उतरव’ म्हणणं हा अर्धवट सल्ला झाला.

कारण खाणं कमी केलं की शरीर फक्त चरबीच जाळतं असं नाही. चार किलो उतरले, तर साधारणपणे त्यातला किलोभर स्नायू वगैरे असतो. चालण्यानं हृदयाला, साखरेला फायदा होतो, तो घ्यावाच. पण स्नायू राखायचा तर त्याच्यावर भार पडावा लागतो, आणि तो भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो. दोन जेवणं आणि चालणं, एवढ्या सूत्रात या भाराला जागा कुठे आहे?

गंमत म्हणजे ही जागा आपल्याकडे होती. तिचं नाव तालीम. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच तालुक्यात, भूगावला झाली आणि अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून गदा पटकावली. जोर, बैठका, मुद्गल हे सगळं भाराचंच शास्त्र आहे. पण तालमीलाही आम्ही सूट देणार नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक तासन् तास घाम गाळणाऱ्याचा. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, मग पोट सुटतं. शेताचंही तेच. चिखलणी, लावणी करणाऱ्या अंगाला भाताचं ताट पेलत होतं. जमीन गेली, खुर्ची आली; ताट तेवढंच राहिलं. तालमीकडे आयास आहे, आहाराचा हिशोब नाही. योजनेकडे आहाराची शिस्त आहे, भार नाही. दोन्ही एकत्र आणायला हवेत.

आता ताटाचा हिशोब करू. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. चरबी उतरवताना स्नायू राखायचा तर १.२ ते १.६ धरतात. सत्तर किलोच्या माणसाला हे ८४ ते ११२ ग्रॅम होतात. दोन भाकऱ्या, आंबेमोहराचा भात आणि वाटीभर आमटी, अशी दोन जेवणं मोजा. गाडी ४०-४५ ग्रॅमच्या आसपास थांबते. भात कमी वाढा. एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ५० ग्रॅम सोयाबीन वडीत २५. महागडा डबा लागत नाही. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि भगिनींनो, ‘वजनं उचलली की बाई पुरुषासारखी दिसते’ हे डोक्यातून काढून टाका. पाळी गेल्यावर हाड आणि स्नायू दोन्ही झपाट्यानं उतरतात. भाराची गरज तुम्हाला जास्त आहे.

‘विनासायास’ला आमची हरकत आहे ती इथे. हा शब्द लोकांना जवळ आणतो, हे खरं. पण मग आठवड्यातले ते दोन-तीन दिवस, बैठका, डंबेल, दर पंधरवड्याला थोडा वाढवलेला भार, हे कुणी सांगायचं? आयास हा इथे दोष नाही, औषध आहे.

तेव्हा घरी जाऊन काट्यासोबत टेपही काढा. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आज सलग किती बैठका निघतात, तेही वहीत लिहा. तीन महिन्यांनी काटा जागचा हलला नसेल, पण कंबर उतरली असेल आणि बैठका वाढल्या असतील, तर योजना फसली असं म्हणू नका.