दोन दुष्काळ, एक साक्ष : पंडिता रमाबाईंच्या लेखनातील ईश्वरी चांगुलपणाचा प्रश्न

धर्मांतराच्या आत्मकथनांत संकटाचे स्थान बहुधा ठरलेले असते. आधी दुःख, मग श्रद्धा आणि श्रद्धेच्या प्रकाशात दुःखाचा उलगडा, असा तो क्रम होय. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) लेखनही याच क्रमाने वाचले जाते. परंतु १८९७ मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेले दुष्काळानुभवांचे कथन या साच्यात पुरतेपणी बसत नाही.

या कथनात दोन दुष्काळ शेजारी येतात. पहिला १८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याचा. पुराणिक अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने उपासतापास, जप, दानधर्म सारे केले. तरी वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. दुसरा दुष्काळ १८९६–९७ चा. या वेळी रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आश्रयासाठी घेऊन आल्या. हाती पुरेसा पैसा नसताना हे कार्य तडीस गेले, याचे श्रेय त्या ईश्वराच्या चांगुलपणाला देतात.

येथे चिकित्सक वाचकाचा आक्षेप रास्त ठरतो. एका दुष्काळात देवतांचे मौन हा त्यांच्या निष्फळतेचा पुरावा मानावयाचा आणि दुसऱ्यात मिळालेली मदत ही ईश्वरकृपेची खूण मानावयाची, हा दुहेरी मापदंड नव्हे काय? दुसऱ्या दुष्काळातही असंख्य माणसे मेलीच. केवळ तर्काच्या पातळीवर या आक्षेपाला रमाबाईंपाशी उत्तर नाही.

तथापि कथनाच्या पातळीवर एक वेगळी गोष्ट घडते. मृत्यूसमयी वडिलांनी आपल्या धाकट्या मुलीला ईश्वराच्या हाती सोपविले आणि त्याचीच सेवा करण्यास सांगितले, असे रमाबाई नोंदवितात. ती प्रार्थना, वडिलांना अज्ञात असलेल्या स्वर्गीय पित्याने ऐकली, अशी त्यांची धारणा आहे. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात मुलाचे धर्मांतर हे ख्रिस्ती मातेच्या प्रार्थनेचे फळ ठरते. येथे ते हिंदू पित्याच्या प्रार्थनेचे ठरते. हा भेद मूलगामी आहे. रमाबाईंनी पूर्वधर्मावर कठोर टीका केली. पण पित्याची भक्ती व्यर्थ गेली असे मानणे त्यांना शक्य झाले नाही. ईश्वराचा चांगुलपणा त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वर्षापासून, म्हणजे १८८३ पासून, सुरू होत नाही. तो मागे सरकून पहिल्या दुष्काळालाही कवेत घेतो. मरणाचे कारण मात्र त्या सांगत नाहीत. उपासमारीचे वर्णन शेवटपर्यंत असह्यच राहते.

बायबलच्या परंपरेत ईयोबाचा ग्रंथ व विलापस्तोत्रे यांनी ईश्वराजवळ तक्रार करण्याचा अधिकार भक्ताला दिला आहे. रमाबाई या कथनात तो वापरीत नाहीत. त्यांची तक्रार माणसांकडे वळते. त्याच १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची होणारी दुर्दशा त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून उघड केली. ईश्वरावरील भरवसा म्हणजे सत्तेपुढे निमूट राहणे, हे समीकरण त्यांच्या बाबतीत तरी टिकत नाही. उलट, ईश्वर चांगला आहे अशी खात्री असल्यामुळेच मनुष्यकृत दुःखाचे खापर त्याच्या माथी फोडण्याची सोय त्यांना उरत नाही.

१९०७ च्या साक्षकथनात त्यांनी ख्रिस्ती धर्म सापडणे आणि ख्रिस्त सापडणे यांत स्पष्ट भेद केला. या भरवशाची खरी कसोटी मात्र त्यानंतर आली. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. केडगावी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सुरूच राहिले. ते भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

ख्रिस्ती श्रद्धालेखनाचा तौलनिक अभ्यास करताना दुःखाचे समर्थन करणारे लेखन आणि दुःखात उत्तरदायित्व स्वीकारणारे लेखन असा भेद करणे म्हणूनच आवश्यक वाटते. रमाबाईंचे कथन दुसऱ्या प्रकारचे आहे. ‘हे का घडले?’ या प्रश्नाला ते उत्तर देत नाही. एका दुष्काळातून वाचलेली मुलगी दुसऱ्या दुष्काळात कोणासाठी गेली, एवढेच ते सांगते; आणि ईश्वराच्या चांगुलपणाविषयीची त्यांची साक्ष याच सांगण्यात सामावलेली आहे.