चोरवाट बुजवली की काम झाले?

हिपॅटायटिस ‘सी’वरील औषधांविषयी बोलताना एक युक्तिवाद वारंवार भेटतो. आपल्या पेशीतील निरोप्या आरएनएच्या टोकाला एक ‘टोपी’ असते. बहुधा ती ओळखूनच रायबोसोम प्रथिननिर्मितीला लागतो. या विषाणूच्या सुमारे ९,६०० घटकांच्या आरएनएला मात्र टोपी नाही. त्याच्या आरंभीच्या भागाला अशा घड्या पडतात, की रायबोसोमचा लहान घटक थेट तेथेच येऊन बसतो. ही चोरवाट १९९२ मध्ये उघडकीस आली. ती बुजवा, म्हणजे विषाणूचे भाषांतर थांबेल आणि पेशीचे चालू राहील, असा हा तर्क.

तर्क देखणा आहे, पण अपुरा आहे, असे आम्हाला वाटते. वाट विषाणूची असली तरी तिच्यावरून चालणारा रायबोसोम आणि त्याचे मदतनीस पेशीचेच आहेत. त्यांना धक्का लावला तर नुकसान रुग्णाचे. उरतो तो घड्यांचा आरएनए. त्याला चिकटणारे पूरक रेणू परीक्षानळीत उत्तम वागले. पण रुग्णांवरील चाचणीत थोड्यांमध्येच विषाणू तात्पुरते घटले आणि काहींच्या रक्तात यकृताची विकरे वाढली. या वाटेवर घाव घालणारे एकही औषध अद्याप दवाखान्यात पोचलेले नाही.

गुण आला तो दुसरीकडून. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेले सोफोसबुव्हिर आरएनएवरून आरएनएची नक्कल करणारे विकर अडवते. हे विकर सर्वस्वी विषाणूचे आहे. जोड-औषधांसह ते दिल्यास साधारणपणे शंभरातील ९५ रुग्ण बरे होतात. म्हणजे विषाणू वेगळा कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही. तो वेगळेपणा संपूर्णपणे त्याचाच आहे का, हेही पाहावे लागते.

मग चोरवाटेचा अभ्यास वाया गेला का? मुळीच नाही. १९९९ मध्ये जर्मनीत या विषाणूच्या आरएनएचा तुकडा प्रयोगशाळेतील पेशींत प्रथमच वाढता ठेवता आला. त्या रचनेत प्रथिननिर्मिती सुरू करण्यासाठी अशाच चोरवाटा वापरल्या होत्या. पुढची औषधे पारखली गेली ती याच पेशींवर.

‘प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत’ हे वाक्य आपण वर्गात शिकवतो. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘विषाणूंवर औषधच नाही’ असा घेतात. भारतात २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या आजारावर मोफत उपचार मिळतात. तेव्हा हा गैरसमज केवळ गुणांचा प्रश्न नाही. त्यापायी एखाद्याच्या घरचा रुग्ण तपासणीविना राहू शकतो.