लुटीचे आख्यान आणि ‘आम्ही’चा प्रश्न : देउस्कर, गालेआनो, फुले

१

जागतिकीकरणाच्या पुरोगामी समीक्षेचा इतिहास सांगताना सामान्यतः १९९० नंतरच्या घटना आरंभी ठेवल्या जातात. १९९१ सालचे भारताचे नवे आर्थिक धोरण, १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेली जागतिक व्यापार संघटना, १९९९ मधील सिअ‍ॅटलची निदर्शने, २००१ साली पोर्तो अलेग्रे येथे सुरू झालेला आणि २००४ साली मुंबईत भरलेला जागतिक सामाजिक मंच हे त्या इतिहासाचे परिचित टप्पे होत. राजकीय घटनाक्रम म्हणून ही मांडणी योग्यच आहे. मात्र या समीक्षेकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहिले, तर तिची घडण पुष्कळ जुनी असल्याचे दिसते. व्यापार हा परस्परलाभाचा विनिमय नसून एका प्रदेशाची संपत्ती दुसऱ्या प्रदेशाकडे वाहून नेणारी व्यवस्था आहे, हे तिचे मूळ विधान. त्याला येथे ‘लुटीचे आख्यान’ असे म्हटले आहे.

या आख्यानाचा एक प्रारंभबिंदू मुंबईत सापडतो. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या इंग्रजी पत्रांत आणि रामकृष्ण विश्वनाथ यांच्या १८४३ सालच्या मराठी पुस्तकात इंग्रजी राज्याच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा आढळते. दादाभाई नौरोजींच्या १९०१ सालच्या ग्रंथाने तिला सिद्धान्ताचे रूप दिले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या सिद्धान्ताची सत्यासत्यता हा नाही. लुटीचे आख्यान कोणाच्या वतीने सांगितले जाते, त्यातील ‘आम्ही’ कोण, आणि तो ‘आम्ही’ संहितेच्या रूपबंधात कसा घडतो, हे येथे तपासावयाचे आहे.

२

सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) हे मराठी मातृभाषेचे बंगाली लेखक. आज झारखंडात असलेल्या देवघर परिसरात ते वाढले, कोलकात्यात ‘हितवादी’ पत्राशी संबंधित राहिले आणि १९०४ साली त्यांनी ‘देशेर कथा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वंगभंगाच्या चळवळीत तो घरोघर पोचला व १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. त्याचा हिंदी अनुवाद करणारे बाबूराव विष्णु पराडकर हेही काशीत जन्मलेले मराठी भाषकच. मराठी प्रदेशाबाहेरील दोन मराठी माणसांनी बंगाली व हिंदी या भाषांत केलेला हा व्यवहार आहे. एकभाषिक वाङ्मयेतिहासांच्या चौकटीत तो पुरता बसत नाही आणि म्हणूनच तौलनिक अभ्यासाला त्याचे मोल अधिक आहे.

‘देशेर कथा’तील सामग्री बव्हंशी उसनी आहे. नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजीत जमविलेले आकडे आणि खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या कबुल्या यांवर देउस्करांची भिस्त आहे. मग या ग्रंथाचे स्वतःचे असे काय? उत्तर त्याच्या श्रोत्यात आहे. नौरोजींच्या शीर्षकातील ‘अन्‌-ब्रिटिश’ हे विशेषण ब्रिटिश न्यायबुद्धी गृहीत धरते. तेथील आकडा हा अर्जातील पुरावा असतो. तोच आकडा बंगालीत आला की, त्याचा वाचक बदलतो. ज्याची लूट झाली त्यालाच तो हिशेब वाचून दाखविला जातो, आणि अर्जाचे रूपांतर आरोपपत्रात होते. शीर्षकातील बंगाली ‘कथा’ या शब्दात गोष्ट, बोलणे, मामला या सर्व छटा आहेत. मराठीतील ‘कथा’ने हा अर्थविस्तार पेलत नाही, पराडकरांनी हिंदीत ‘बात’ हा शब्द योजला, तो या दृष्टीने मार्मिक ठरतो.

देउस्करांचे दुसरे योगदान अधिक दूरगामी आहे. परकीय सत्ता केवळ माल व महसूल नेत नाही, ती प्रजेच्या चित्तावर मोहिनी घालून विजय मिळविते, असे ते मांडतात. नव्वदोत्तरी समीक्षेत ‘पर्याय नाही’ या भावनेची जी चिकित्सा झाली, तिचे बीज येथे आहे. मात्र त्यांच्या ग्रंथातील ‘देश’ हा प्रायः अखंड आहे. विणकर, शेतकरी, कारागीर ही सारी त्याची गात्रे. त्या गात्रांमधील वैर मात्र आख्यानाच्या मध्यभागी येत नाही. बंदी येईपर्यंतच्या सहा वर्षांत या ग्रंथाने जे साधले, ते या अखंडतेच्या बळावरच, हेही मान्य करावयास हवे.

३

उरुग्वेचे लेखक एदुआर्दो गालेआनो (१९४०–२०१५) यांचा लॅटिन अमेरिकेच्या उघड्या नसांवरील ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध झाला. उरुग्वे, चिली व अर्जेंटिना येथील लष्करी राजवटींनी त्यावर बंदी घातली. देउस्करांप्रमाणे गालेआनोही व्यवसायाने पत्रकार होते, अर्थशास्त्रज्ञ नव्हते. त्यांचीही सामग्री इतरांच्या संशोधनातून आलेली आहे. साम्य येथवर आहे. रूपबंध मात्र वेगळा आहे.

गालेआनोंच्या ग्रंथाचा नायक म्हणजे वस्तू. चांदी, सोने, साखर, कॉफी, रबर, कथील, तांबे, तेल यांच्या मागोमाग कथन फिरते. १५४५ साली पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली, तेथे जगातील मोठ्या नगरांपैकी एक उभे राहिले, आणि चांदी ओसरल्यावर मागे पोखरलेला डोंगर व निर्धन वस्ती उरली. प्रत्येक वस्तूची हीच गती: भरभराट, निर्यात, ओसाडी. या पुनरावृत्तीमुळे ग्रंथाला शोकगीताची लय मिळते. अर्थशास्त्राविषयी प्रेमकथेच्या किंवा चाच्यांच्या कादंबरीच्या शैलीत लिहिण्याचा आपला प्रयत्न होता, असे गालेआनोंनी १९७८ सालच्या पुरवणीत नमूद केले होते.

ही लय ग्रंथाचे सामर्थ्य आहे, तशीच मर्यादाही. प्रत्येक घटना एकाच साच्यात बसवावी लागते. १८६४–७० च्या पॅराग्वे युद्धामागे ब्रिटिश भांडवलाचा हात प्रधान मानणारी त्यांची मांडणी पुढील इतिहासकारांनी विवाद्य ठरविली आहे. २००९ साली पोर्ट ऑफ स्पेन येथील शिखर परिषदेत ऊगो चावेझ यांनी बराक ओबामांना हा ग्रंथ भेट दिला आणि त्याचा खप एकदम वाढला. पाच वर्षांनी, २०१४ साली ब्राझिलियामध्ये बोलताना गालेआनोंनी, ग्रंथ लिहिला तेव्हा आपली अर्थशास्त्राची पुरेशी तयारी नव्हती आणि त्यातील पारंपरिक डाव्या गद्याची शैली आता आपल्याला वाचवत नाही, असे सांगितले. विरोधकांनी याला माघार म्हटले. परंतु ग्रंथ लिहिल्याचा पश्चात्ताप नसल्याचेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते. समीक्षकाला येथे अधिक महत्त्वाची वाटावी ती त्यांची नंतरची वाट. १९८२ ते १९८६ या काळात आलेल्या त्यांच्या अग्निस्मृतीच्या त्रिखंडात सलग प्रतिपादन मोडून छोटे छोटे प्रसंग येतात. २०१४ चे विधान हे या रूपांतराचे उशिरा आलेले भाष्य होय.

‘आम्ही’च्या प्रश्नावर गालेआनो देउस्करांपेक्षा पुढे जातात. त्यांच्या आख्यानात स्थानिक जमीनदार, खाणमालक व व्यापारी हे बाह्य सत्तेचे दलाल म्हणून सतत उपस्थित आहेत. खाणीत राबणारा आदिवासी आणि मळ्यावरील गुलाम यांच्या श्रमावरच चांदी व साखर उभी आहे. तरीही ग्रंथाची अंतिम ओळख ‘लॅटिन अमेरिका’ हीच राहते. जखमी देह हे रूपक अखेरीस खंडाचे होते, श्रमिकाचे नव्हे.

४

या दोन संहितांमध्ये जोतीराव फुले यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवला की, तुलनेला वेगळेच परिमाण लाभते. विलायती यंत्रांवर तयार झालेल्या मालामुळे येथील कारागिरांची उपासमार होते, हे फुले स्पष्टपणे पाहतात. त्या अर्थी तेही व्यापाराचे समीक्षक आहेत. परंतु शेतकऱ्याचे धन नेमके कोणत्या हातांतून जाते, याचा माग काढताना ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषारामापाशी थांबत नाहीत. कचेरीतील भटकामगार, सावकार, धर्मविधींच्या निमित्ताने होणारी उकळणी या साऱ्या कड्या ते मोजतात. फुल्यांच्या आख्यानात ‘देश’ नावाचा एकसंध बळी नाही. आहे तो शूद्र शेतकरी, आणि त्याची लूट परदेशी व देशी अशा दोन्ही दिशांनी होते.

येथे केवळ दृष्टिकोनाचा भेद नाही, रूपाचाही आहे. देउस्करांकडे आकडा बोलतो, गालेआनोंकडे वस्तू, आणि फुल्यांकडे शेतकऱ्याचे घर, त्याचे अन्नवस्त्र, त्याचे कर्ज. पहिल्या दोन रूपांत बेरीज करता येते, म्हणून व्यापक ऐक्य साधते. तिसऱ्या रूपात बेरजेपूर्वी वाटणीचा प्रश्न उभा राहतो.

५

हा प्रश्न आज केवळ वाङ्मयीन राहिलेला नाही. जागतिक व्यापार संघटनेचे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासून निष्क्रिय झाले. खुल्या व्यापाराचा दीर्घकाळ पुरस्कार करणाऱ्या अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये बहुतेक देशांच्या मालावर वाढीव आयातशुल्के जाहीर केली, आणि ती जाहीर करताना राष्ट्राध्यक्षांनी भाषा वापरली ती लुटीचीच: इतर देशांनी आमची लूट केली. जगातील सर्वांत बलाढ्य अर्थसत्ता स्वतःला बळी म्हणून सादर करते आणि वसाहतींनी घडविलेले आख्यान उचलते, ही घटना पुरोगामी समीक्षेला पेचात टाकणारी आहे. लुटीचे आख्यान स्वभावतः पुरोगामी नसते, हे यातून उघड होते. ‘बाहेरच्यांनी आम्हांला लुबाडले’ हा सांगाडा कोणीही वापरू शकतो.

मग भेद कोठे करावयाचा? केवळ तथ्यांच्या आधारे तो पुरता होणार नाही. अमेरिकेतील कारखाने बंद पडले व कामगार देशोधडीला लागले, हे असत्य नाही. भेद ‘आम्ही’च्या घडणीत शोधावा लागतो. आयातशुल्काच्या भाषणातील ‘आम्ही’मध्ये कारखाना परदेशी हलविणारा भांडवलदार आणि बेकार झालेला कामगार हे एकाच राष्ट्राचे बळी ठरतात, दलालाची आकृती आख्यानातून गाळली जाते. गालेआनो तिला गाळत नाहीत, आणि फुले तर तिलाच केंद्रस्थानी आणतात. आख्यान वस्तूच्या मागोमाग श्रमिकाच्या देहापर्यंत जाते का, आणि धन ज्या हातांतून गेले त्या सर्व हातांची नावे घेते का, ही दोन परीक्षणे येथे निर्णायक ठरतात.

या निकषांवर देउस्कर उणे पडतात, असा निष्कर्ष घाईचा होईल. आकडा मातृभूमीच्या वाचकापर्यंत नेणे आणि चित्तविजयाची संकल्पना मांडणे ही त्यांची कामगिरी पुढील समीक्षेची पूर्वअट होती. तथापि अखंड ‘देश’ ही त्या काळाची राजकीय गरज होती. तिला कायमचे वाङ्मयीन तत्त्व मानण्याचे कारण नाही. ‘देशेर कथा’ आणि ‘असूड’ यांच्या प्रसिद्धीत जेमतेम दोन दशकांचे अंतर आहे. दोन्ही ग्रंथांचे कर्ते मराठी भाषकच. आणि तरीही भारतातील जागतिकीकरणसमीक्षेने पहिल्याचा वारसा जितक्या सहजतेने स्वीकारला, तितक्या सहजतेने दुसऱ्याचा स्वीकारलेला दिसत नाही. ‘असूड’ जातिविचाराच्या कप्प्यात राहिला आणि व्यापाराची चर्चा राष्ट्राच्या कप्प्यात. हे कप्पे मोडून दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचणे, हे तौलनिक अभ्यासाचे पुढील काम आहे.