अनुवादित प्रश्नावलीची सप्रमाणता : परिचारिकांच्या नेतृत्वमापनासंदर्भात

अधिकारपद नसलेल्या, प्रत्यक्ष रुग्णसेवेतील परिचारिकांचे नेतृत्व मोजणारी एक प्रश्नावली पॅट्रिक, लॅशिंजर, वाँग व फिनेगन यांनी कॅनडात विकसित करून २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तिला कूझेस व पोस्नर यांच्या प्रतिमानाचा आधार आहे. अशी साधने मराठीत आणताना संशोधक बहुधा ब्रिस्लिन यांची १९७० मधील प्रत्यानुवाद पद्धती वापरतात आणि क्रॉनबॅक अल्फा ०.७० च्या वर आला की साधन सप्रमाण ठरवून मोकळे होतात. प्रस्तुत लेखिकेचा आक्षेप नेमका येथे आहे.

अल्फा हा अंतर्गत सुसंगततेचा निर्देशक होय, सप्रमाणतेचा नव्हे. एकच आशय पाच विधानांत फिरवून विचारला तरी तो वाढतो. प्रत्यानुवादही पुरेसा नाही. शीर्षकातील 'लीडरशिप'चे 'नेतृत्व' होते, 'नेतृत्वा'चे पुन्हा 'लीडरशिप'. कागदावर चूक सापडत नाही. परंतु मराठी कानाला नेतृत्व म्हटले की सभा, पक्ष, फार तर संघटना आठवते. वॉर्डात तो शब्द इनचार्ज सिस्टर किंवा मेट्रनकडे जातो. औषधाच्या मात्रेतील चूक डॉक्टरांच्या वेळीच निदर्शनास आणणारी, नवख्या मुलीला सलाईन लावायला शिकवणारी स्टाफ नर्स 'हे आपल्यासाठी नव्हे' असे समजून 'क्वचित' या रकान्यात खूण करण्याचा संभव मोठा. मग मोजले काय? नेतृत्वाचा अभाव, की शब्दाचा संकोच?

उपाय खर्चिक नाही. दहा-बारा परिचारिकांना प्रत्येक विधान वाचून दाखवावे व त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावे. घटक विश्लेषण त्यानंतर. ड्यूटी बदलताना प्रश्नावल्या वाटून घाईने गोळा करण्याच्या रीतीत मात्र हे बसणार नाही.