चेंडू जमिनीवर आल्यानंतर

टोकियो ऑलिम्पिकमधलं गोल्फपटू अदिती अशोकचं शेवटच्या दिवसाचं स्कोअरकार्ड मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. ७ ऑगस्ट २०२१, कासुमिगासेकी कंट्री क्लब. पाचव्या, सहाव्या आणि आठव्या होलवर बर्डी, नवव्या आणि अकराव्यावर बोगी, तेराव्या-चौदाव्यावर पुन्हा लागोपाठ बर्डी, बाकी सगळे पार. एकूण ६८ फटके. प्रत्येक होलसाठी जेवढे फटके ठरलेले असतात तो पार, त्याहून एक कमी म्हणजे बर्डी आणि एक जास्त म्हणजे बोगी. एवढं कळलं की हे अठरा आकडे बोलायला लागतात.

कळंबहून यवतमाळकडे जा नाहीतर वर्ध्याकडे, रस्त्याच्या दोन्ही हातांना कापूस, तूर, सोयाबीन. गोल्फ आमच्या वाटेत कुठेच येत नाही. तरीही त्या शनिवारी सकाळी आमच्याकडे टीव्हीपुढे माणसं बसली होती आणि बर्डी म्हणजे काय हे एकमेकांना विचारत होती. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि सकाळचा खेळ साहजिकच मागे गेला. अदितीच्या नावापुढे ‘थोडक्यात हुकलेलं पदक’ एवढीच ओळ उरली. त्या चार दिवसांत रस घेण्यासारखं जे होतं, त्यातलं काहीच या ओळीत येत नाही.

ती मैदानात उतरली तेव्हा जागतिक क्रमवारीत २०० वी होती. खेळणाऱ्या साठ जणी. काही आठवड्यांपूर्वीच कोविड होऊन गेलेला, अंगातली ताकद पुरती परतली नव्हती, त्यामुळे मुळातच आखूड असलेला तिचा पहिला फटका आणखी आखूड झाला होता. शेवटच्या दिवशी ती ज्या गटात होती त्यात नेली कोर्डा होती, जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. दोघींनी टीवरून चेंडू मारला की अदितीचा चेंडू कित्येकदा चाळीस-पन्नास यार्ड मागे राहायचा. म्हणजे दुसरा फटका आधी तिचाच, तोही लांबून. कोर्डाच्या हातात जवळच्या फटक्यासाठीचा क्लब, आखूड आयर्न, असायचा. त्याने मारलेला चेंडू उंच चढतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पडून जागच्या जागी थांबतो. अदितीला पुष्कळदा लांबच्या फटक्यासाठीचा हायब्रिड क्लब काढावा लागायचा, आणि हायब्रिडचा चेंडू पडल्यावर धावतो. त्याला झेंड्याजवळ थांबवणं फार अवघड, म्हणून ती ग्रीनची सुरक्षित बाजू धरायची आणि लांबचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे चेंडू लोटण्याचा फटका, पत्करायची.

तिच्या खेळाची खरी सुरुवात इथे होते, चेंडू जमिनीवर आल्यानंतर. त्या स्पर्धेत पटिंगच्या आकडेवारीत ती सगळ्यांच्या पुढे होती. दोनशेव्या क्रमांकाची मुलगी चार दिवस जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या बरोबरीने राहिली ती या एका अंगाच्या बळावर. ग्रीन दुरून सपाट दिसतं, पण ते सपाट नसतं. ओलीत करणारा शेतकरी पाणी सोडण्याआधीच ते कुठून वळेल हे ओळखतो, तशी तिला त्या हिरवळीवरची उताराची रेघ आधी दिसते. होलचा व्यास अवघा १०८ मिलिमीटर. नुसती दिशा बरोबर असून भागत नाही, कारण उतारावर वेगच दिशा ठरवतो. जोरात मारलेला चेंडू कमी वळतो, हळू मारलेला जास्त. तेव्हा दरवेळी दिशा आणि वेग यांची एक जोडी निवडायची आणि मग तिच्यावर शंका घ्यायची नाही. अदितीची ही निवड बघताना मला सर्वांत आनंद देते ती तिची शांत लय. लांबचा पट असो की तीन फुटांचा, मनगटं निवांत आणि डोकं स्थिर. तीन फुटांच्या पटवर नामवंत खेळाडूंचेही हात थरथरतात.

आता त्या कार्डाकडे पुन्हा बघा. पहिल्या आठ होलमध्ये तीन बर्डी, म्हणजे लय सापडलेली. मग नवव्यावर एक फटका गेला आणि अकराव्यावर आणखी एक. पदकाच्या शर्यतीत, शेवटच्या गटात, तीन होलमध्ये दोन फटके गमावल्यावर बहुतेक खेळाडू गेलेलं लगेच परत मिळवायला धावतात, झेंड्यावर थेट नेम धरतात आणि आणखी गमावतात. अदितीने बाराव्यावर पार घेतला. माझ्या मते हा त्या दिवसाचा सर्वांत देखणा आकडा. त्यात चमक काहीच नाही, पण तेराव्या आणि चौदाव्याची बर्डी या पारच्या आधाराने उभी आहे.

हा धीर कुठून आला हे बघायचं तर बंगळुरूला जावं लागतं. घरात गोल्फची परंपरा नव्हती. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानाजवळ नाश्त्याला येणाऱ्या कुटुंबाला कुतूहल वाटलं, आणि साडेपाच वर्षांच्या मुलीने हातात क्लब घेतला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये, सतराव्या वर्षी, तिने मोरोक्कोत युरोपीय टूरची, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेची, पात्रता स्पर्धा जिंकली. २०१६ उजाडताच ती व्यावसायिक झाली, त्याच वर्षी बारावी पूर्ण केली आणि त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिक खेळली. तिथे तिची क्लबची बॅग वडिलांनी उचलली होती. ६८, ६८ अशी सुरुवात, मग ७९ आणि ७६, आणि शेवटी संयुक्त एक्केचाळिसावं स्थान. नोव्हेंबरमध्ये तिने हिरो विमेन्स इंडियन ओपन जिंकली. टोकियोत बॅग आईच्या खांद्यावर होती.

कॉलेजची पायरी तिने घेतलीच नाही. ती पायरी काय देते हे रोझ झँगकडे बघून कळतं. स्टॅनफर्डकडून खेळताना तिने २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतलं कॉलेजांचं वैयक्तिक विजेतेपद मिळवलं, मग व्यावसायिक झाली आणि जून २०२३ मध्ये पहिलीच स्पर्धा जिंकली. १९५१ मध्ये बेव्हर्ली हॅन्सनने जे केलं होतं, ते त्यानंतर महिलांच्या एलपीजीए टूरवर कुणाला जमलं नव्हतं. शेवटच्या दिवशी झँगला एकही बर्डी मिळाली नाही. ७४ फटके, मग बरोबरी फोडणारा प्लेऑफ, आणि तिथेही पारवरच विजय. कॉलेजच्या संघात आठवड्यामागून आठवडे खेळून आलेला तो धीर होता. अदितीला तो थेट टूरवर, कमाईच्या चिंतेसह, देशोदेशीच्या हॉटेलांत राहून शिकावा लागला. दोन्ही वाटांना मान आहे. मात्र दुसरी अधिक एकाकी आहे, हे तिचा खेळ बघताना मी विसरू शकत नाही.

टोकियोत त्या दिवशी चौदाव्या होलनंतर अदिती पदकाच्या जागेवर होती. वादळामुळे खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. सतराव्यावर तिच्याच गटातल्या लिडिया कोने बर्डी घेतली, अदितीचा बर्डीचा पट गेला नाही. अठराव्यावर बरोबरी साधायला बर्डी हवी होती. तिथेही लांबून यावं लागलं, पट लांबचा उरला आणि तो आत गेला नाही. कोर्डा २६७, मोने इनामी आणि को २६८, अदिती २६९. चार दिवस तिने आखूड फटक्याची भरपाई पटिंगने केली, आणि शेवटच्या होलवर तेच अंतर आडवं आलं.

तिचे पुढचे आकडेही असेच सलग वाचावेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केनियात नऊ फटक्यांनी विजय. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ६७, ६६, ६१, सात फटक्यांची आघाडी, आणि मग ७७. सुवर्ण थायलंडच्या अर्पिचाया युबोलकडे गेलं. अदितीचं रौप्य हे आशियाई स्पर्धेतलं भारतीय महिला गोल्फचं पहिलं पदक. त्या ७७ वर पुष्कळ बोललं गेलं. मी मात्र त्या ६१ पाशी थांबतो. दोन महिन्यांच्या आत ती स्पेनमध्ये पुन्हा जिंकली.